पुण्याचा वाघ माळव्यात

आमच्या घराण्यात जुनी वस्तू विकत घेण्याची चाल नव्हती. जुन्या वस्तू घरात नव्हत्या असे नव्हे. त्यांच्याखेरीज घरात दुसरे फारसे काही नव्हतेच! पणजोबांचा अडकित्ता, आजीचे जाते, एक पाय लंगडा झालेला शिसवी पलंग, अशी सारी मंडळी चार पिढ्या आमच्याबरोबर माळव्यात नांदत आली आहेत. पण त्या वस्तू आमच्याच घरात म्हाताऱ्या झालेल्या. दुसऱ्याने वापरून सोडलेली वस्तू पैसे मोजून आणायची, ही गोष्ट रामबागेतल्या आमच्या वाड्यात कुणाच्या गळी उतरणे कठीण होते. त्यातून ती वस्तू म्हणजे सहा लाखांची मोटारसायकल, आणि घेणारा साठी ओलांडलेला! पुतण्याने एवढेच विचारले, ‘‘काका, पण ही चालवणार कोण?’’

चालवणार मीच होतो. मोटारसायकलीशी माझे नाते जुने आहे. वडिलांच्या राजदूतवर देवास आणि उज्जैन मी किती वेळा केले त्याला हिशेब नाही, आणि पुढे नोकरीच्या काळात बुलेटवर सारा निमाड पालथा घातला. या वेळचे कारण मात्र वेगळे होते. आमच्या मंडळींच्या मनात नर्मदेची परिक्रमा करायचे फार वर्षांपासून आहे. पायी करायची तर गुडघे साथ देत नाहीत. मोटार भाड्याने घेऊ म्हटले, तर उत्तर आले, ‘‘अहो, काचेतून नर्मदा बघायची तर घरात टेलिव्हिजन आहेच की!’’ या बोलण्यात तथ्य होते. औषधपाण्याची आणि मुलीच्या वेळप्रसंगाची तरतूद बाजूला ठेवून निवृत्तीच्या रकमेतले सात लाख उरत होते. ते एकदाच खर्च होणार होते. चुकीच्या गाडीत गेले असते तर परिक्रमाही गेली असती.

लांब पल्ल्याची मोटारसायकल ही जात निराळी असते, हे येथे सांगितले पाहिजे. वेगाची गाडी चालवणाऱ्याला पुढे वाकवते. ही ताठ बसवते. टाकी मोठी, पुढे वाऱ्याला अडवणारी काच, मागच्या माणसाला बसायला खरीखुरी बैठक, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि चढावर दोन माणसे व सामान असताना गिअर न बदलता ओढून नेणारे इंजिन. या जातीतला राजा म्हणजे होंडाची गोल्ड विंग. १९७५ मध्ये ती चार सिलिंडरांची निघाली. आज सहा सिलिंडर आणि १८३३ सी. सी. पर्यंत पोचली आहे. तिला पाठीमागे जाण्याचीही सोय आहे, कारण पावणेचारशे किलोंच्या घरातले ते धूड माणसाने पायाने ढकलावे तरी कसे? आमच्या बोळात ती शिरली असती तर बाहेर निघाली नसती. बी. एम. डब्ल्यू.च्या जी. एस. मालिकेचे नाव १९८० पासून आहे आणि ते सार्थही आहे. पण नावाबरोबर किंमतही आली. फिरून फिरून माझे बोट थांबले ते ट्रायम्फच्या टायगर ८०० वर.

या नावाची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यूरेंबर्गचा सीगफ्रीड बेटमान नावाचा एक जर्मन तरुण इंग्लंडात गेला, सायकलींच्या व्यापारात पडला आणि त्याने ट्रायम्फ हे नाव घेतले. १९०२ मध्ये या कारखान्याची पहिली मोटारसायकल निघाली, तिचे इंजिन बेल्जियमचे होते. हा परका मनुष्य १९१३ मध्ये कॉव्हेंट्री शहराचा महापौर झाला! १९३६ मध्ये एडवर्ड टर्नर कारखान्यात आला आणि त्याने टायगर ७०, ८० व ९० अशा तीन गाड्या काढल्या. १९४० च्या बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना भुईसपाट झाला, तो पुढे मेरिडनला उभा राहिला. १९८३ मध्ये तोही बुडाला. मग जॉन ब्लूर नावाच्या घरबांधणीच्या व्यावसायिकाने ते नाव विकत घेतले आणि काही वर्षे गप्प बसून हिंकली येथे नवा कारखाना घातला. १९९१ पासून तिथल्या गाड्या बाजारात आल्या. बुडालेले नाव विकत घेऊन त्याला पुन्हा उजळवणारा हा गवंडीकामातला माणूस मला फार आवडतो. म्हणजे ट्रायम्फ हे नावसुद्धा एका अर्थी जुन्या बाजारातच घेतलेले!

हिंदुस्थानात ट्रायम्फने २०१३ च्या अखेरीस दुकान मांडले. टायगर ८०० ला एका रांगेत तीन सिलिंडर, आणि शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती. तिचे दोन वंश. एक्स. सी. हा खडकाळ रस्त्यांचा. त्याचे पुढचे चाक २१ इंची, आरेदार, आणि बैठक ८४० मिलिमीटरांपासून वर. एक्स. आर. हा डांबरी रस्त्याचा. पुढचे चाक १९ इंची, ओतीव, आणि बैठक ८१० मिलिमीटरवर आणता येते. माझ्या उंचीच्या माणसाने कोणता घ्यावा हे सांगायला ज्योतिषी नको. २०२० मध्ये टायगर ९०० आली आणि ८०० बंद झाली. म्हणून नवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जुनीची किंमत उतरली होती. अकरा-बारा लाखांच्या आसपासची ही गाडी सात-आठ वर्षांनी निम्म्याला येते. इंदूरला परदेशी वाहनांचे अप्रूप नवे नाही. यशवंतराव होळकरांनी १९३५ च्या सुमारास खास बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग आजही जगातले शौकीन वाखाणतात. पण महाराजांना जुनी गाडी पारखायची पाळी आली नव्हती. ती आमच्यासारख्यांवर येते.

पहिली गाडी पाहिली ती मुंबईत, जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे. दुकान आरशासारखे, गाडी त्याहून चकचकीत, आणि किंमत बाजारभावापेक्षा लाखभर कमी. मी बरोबर छावणीतले आमचे उस्ताद नेले होते. चाळीस वर्षे इंजिनांत हात काळे केलेला हा मनुष्य, बोलतो थोडे. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. बैठक काढायला लावली, खाली वाकून तारांची एक जोडणी सोडवली आणि नखाने आतून काहीतरी खरवडून माझ्या तळहातावर ठेवले. बारीक, वाळलेला, राखाडी गाळ! बैठकीखालच्या स्क्रूंची डोकी गंजलेली, तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड, आणि पुढच्या दिव्याच्या काचेत आतून धुक्यासारखा थर. क्रमांक तमिळनाडूचा होता आणि नोंद २०१५ च्या मध्याची. त्या वर्षी डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली होती, हे आम्हां दोघांना एकदमच आठवले. गाडी पुरात होतीच असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पाणी एकदा तारांत शिरले की गाडी वर्षभर छान चालते आणि मग कुठल्याशा घाटात मध्यरात्री विझते. व्यापारी म्हणाला, ‘‘शेठ, धुलाई का पाणी होगा.’’ उस्ताद म्हणाले, ‘‘बाबूजी, चलिए, चाय पीते हैं.’’ चहा घेतला तो दुकानाबाहेर, आणि तिथूनच स्टेशन गाठले.

दुसरी गाडी पुण्याची. मालक तिशीतला इंजिनियर, नोकरीनिमित्त परदेशी निघालेला. गाडी २०१६ ची एक्स. आर. एक्स., २८ हजार किलोमीटर चाललेली, एकाच हातातली. फोनवरच मी त्याला एक विनंती केली होती, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. थंड इंजिन खोटे बोलत नाही. गरम करून ठेवलेली गाडी पहिल्या फटक्याला सुरू होते आणि सकाळी कशी कण्हते ते कळत नाही. उस्तादांनी गेल्या गेल्या इंजिनाच्या आवरणावर हात ठेवला. थंडगार. मुलगा सरळ आहे हे मला तिथेच वाटले.

त्यानंतरचा दीड तास मी कधी विसरणार नाही. वैद्यबुवांनी नाडी पाहावी तशी ती गाडी पाहिली गेली. पहिल्याने चौकटीवरचा चेसिस क्रमांक आर. सी. बुकाशी अक्षर अक्षर ताडला, मग इंजिनाचा. मग पुढचे चाक अधांतरी करून हँडल अलगद फिरवले. बॉलरेस झिजलेली असली तर हँडल नेमके मधोमध, सरळ चालताना असते त्या जागी, किंचित अडखळते. हे अडखळले नाही. हँडल दोन्ही टोकांना जिथे टेकते तिथली लोखंडी ठोकर पाहिली. जोराचा अपघात झाला असेल तर ती चेपलेली किंवा रंग उडालेली असते. फोर्कच्या चकाकत्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का ते पाहिले. डिस्कची जाडी मोजली. कमीत कमी किती चालेल तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, पण तो वाचण्याचे कष्ट शंभरांत दोघे घेत असतील. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटांनी मागे ओढून पाहिली; दाते अर्धे उघडे पडले तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही गेले समजावे. ही घट्ट बसलेली होती. डाव्या पायदानाचे टोक आणि हँडलचे टोक मात्र घासलेले निघाले. ‘‘उभी असताना कलंडली होती, काका,’’ मुलगा विचारण्याआधीच म्हणाला. घासण्याच्या रेघा लांबट नव्हत्या, ठिपक्यासारख्या होत्या. चालती गाडी पडली तर रेघा लांबतात. बोलणे आणि ओरखडे जुळले.

टायरांच्या बाबतीत लोक हमखास फसतात. नक्षी खोल असली की टायर नवा, अशी आपली समजूत. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीच्या मागच्या टायरवर २३१६ होते, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलाच टायर! नक्षी शिल्लक होती, पण रबर वाळून लाकूड झालेले. ओल्या रस्त्यावर असा टायर म्हणजे शेवाळलेला घाट. दोन्ही टायरांचे पैसे मी मनात वजा टाकले.

मग किल्ली फिरवली. धोक्याचे सारे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट, कारण कुणीतरी तो काढून ठेवलेला असू शकतो. ए. बी. एस.चा दिवा मात्र गाडी चालू लागल्यावरच जातो. इंजिन सुरू झाले. तीन सिलिंडरांचा आवाज बुलेटसारखा ठोके मोजत येत नाही, आणि चार सिलिंडरांसारखा चिरकतही नाही. दोहोंच्या मधली एक घुमारदार शीळ असते. उस्तादांनी डोळे मिटून ती ऐकली. बॅटरीच्या टोकांना मीटर लावला. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर, आणि चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट. म्हणजे गाडी आपली बॅटरी आपण भरते आहे. लांबच्या प्रवासाला याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

नड निघाली ती सर्व्हिसच्या वहीत. या इंजिनाच्या झडपांमधले अंतर २० हजार किलोमीटरांवर तपासावे लागते. झडपा बारा, त्यांच्यापर्यंत पोचायला टाकी उतरवा, हवेची पेटी काढा, वरचे झाकण खोला. अंतर कमी-जास्त निघाले तर कॅमशाफ्ट उचलून चकतीएवढे शिम बदला. दिवसभराचे काम, आणि मजुरी त्या मानाने. झडपेची फट कमी होत गेली तर झडप पुरती मिटत नाही, जळू लागते. आवाज मात्र काहीच येत नाही. उलट गाडी अधिकच गप्प होते! वहीत २० हजारांवर तेल बदलल्याची नोंद होती, झडपांची नव्हती. मुलगा म्हणाला, ‘‘मला कुणी सांगितलंच नाही, काका.’’ खरे असेल. त्याने सहा लाख ऐंशी हजार सांगितले होते. टायर, झडपा, ब्रेकचे तेल आणि शीतक असा हिशेब कागदावर मांडून मी सहा वीस म्हटले. त्याने कागद दोनदा वाचला आणि मान डोलावली.

व्यवहार येथे संपला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. रात्री आर. सी.ची नोंद सरकारी संकेतस्थळावर पाहिली, तेव्हा तिच्यावर बँकेचा बोजा दिसला. कर्ज तीन वर्षांपूर्वी फेडलेले, बँकेचे पत्रही घरात, पण आर. टी. ओ.त जाऊन तो बोजा उतरवायचे राहून गेलेले. हे पुष्कळांचे राहते. हप्ता संपला की माणसाला वाटते सुटलो. कागदाच्या दृष्टीने मात्र गाडी अजून बँकेकडे गहाण असते. फॉर्म ३५ वर मालकाची आणि बँकेची, दोघांचीही सही लागते. तो उतरल्याशिवाय दुसऱ्या राज्यात गाडी नेण्याचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, निघत नाही; आणि ते नसेल तर मध्य प्रदेशात नवा क्रमांक मिळत नाही. मुलाचे विमान वीस दिवसांवर. तो एकदा गेला की सहीसाठी मी कुठे सातासमुद्रापार जाणार? त्याचे म्हणणे असे, की पैसे पुरते द्या, गाडी न्या, मी कागद पाठवतो. त्याच्या मनात कपट नव्हते याची मला खात्री आहे. पण सहा लाख वीस हजार हे कपट नसलेल्या माणसाच्या विसराळूपणातही बुडू शकतात. मी पन्नास हजार इसार दिला, पावती घेतली आणि सांगितले, की बोजा उतरल्याचे आणि ना-हरकत पत्र हाती आल्याचे दिसले की बाकी रक्कम त्याच तासाला. आमच्या मंडळींनी फोनवर विचारले, ‘‘आणि नाहीच झालं तर?’’ तर गाडी तिथेच राहील, असे मी म्हटले खरे; झोप मात्र लागली नाही.

मधले पंधरा दिवस मी पुण्यात एका नातलगाकडे काढले. बँकेच्या शाखेत तीन फेऱ्या झाल्या. पत्रावरचे नाव आणि आर. सी.वरचे नाव यांत आद्याक्षराचा फरक, म्हणून नवे पत्र. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप काढायची असते. ते काम मुलाने आणि मी अंगणात गुडघे टेकून केले, तेव्हा शाळेतली नाण्यांची छाप आठवली. विमानाच्या चार दिवस आधी पत्र निघाले. हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मांवर त्याने सह्या केल्या, दोन्ही किल्ल्या दिल्या, आणि मग गाडीकडे न बघता घरात निघून गेला. त्याची आई दारात उभी होती. ‘‘जपून जा हो, दादा,’’ म्हणाली. तिच्या डोळ्यांत काय होते ते मी नीट पाहिले नाही. एकदम दोन गोष्टी घरातून चालल्या होत्या, त्यांतली लहान माझ्याकडे होती.

विम्याविषयी एक सांगतो, कारण अनेक जाणते लोकही येथे गोंधळतात. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज द्यावा लागतो. आणि अपघात न केल्याची जी सूट साठते, ती गाडीची नसून माणसाची असते. ती जुन्या मालकाबरोबर जाते. म्हणून हप्ता वाढतो; दलाल ते आधी सांगत नाही.

नवे टायर पुण्यातच घातले. नाशिकला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी धुळे, बिजासनचा घाट, सेंधवा. बिजासनला मालमोटारींच्या मागून चढताना वरच्या गिअरमध्येच गाडी अशी निघाली, की निमाडातली माझी सारी बुलेटची वर्षे बाजूने मागे गेल्यासारखी वाटली. खलघाटला पुलावर थांबलो. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. त्याच्या आधी ओलांडलेली चालते, असे मी तिला मनातल्या मनात सांगून टाकले. मानपूरचा घाट चढून वर आल्यावर हवेत माळव्याचा गारवा लागला, आणि इंदूरला पोचेपर्यंत दिवे लागले होते.

उस्तादांनी पुढच्या आठवड्यात झडपा उघडल्या. बारांपैकी तीन घट्ट निघाल्या, तिन्ही एक्झॉस्टच्या. शिम मागवावे लागले, त्यात दहा दिवस गेले. सुटे भाग मिळतात, पण वाट पाहावी लागते, हे या गाडीचे दुखणे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गमतीची गोष्ट अशी, की जिथून ही आणली त्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात २०२३ पासून ट्रायम्फचीच ४०० सी. सी.ची गाडी तयार होते. धाकटे भावंड गावातले आणि थोरल्याचे औषध परगावाहून, असा प्रकार.

नव्या क्रमांकासाठी येथला रस्ताकर पुन्हा भरला. महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो, तो अर्ज केला आहे, येईल तेव्हा येईल. पाटी मागच्या महिन्यात लागली. पुतण्या आता दर रविवारी पोहे-जिलेबी घेऊन येतो आणि गाडी पुसायला मागतो.

राहिला प्रश्न मंडळींच्या गुडघ्यांचा. मागची बैठक उंच. पहिले दोन दिवस चढणे जमेना. मग उस्तादांनी युक्ती सांगितली: मी दोन्ही पाय रोवून गाडी धरायची, हिने डावा पाय पायदानावर ठेवून, माझ्या खांद्यावर हात टेकून, घोड्यावर चढल्यासारखे उजवा पाय पलीकडे टाकायचा. मागच्या पेटीला टेकण बसवले. आता महेश्वरपर्यंत दोन फेऱ्या झाल्या आहेत. कार्तिकात देवउठनी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून निघायचे ठरले आहे. उजव्या बाजूची पेटी हिने आपली म्हणून घेतली आहे. तीत नर्मदाजलाची कुपी, गुडघ्याचे पट्टे आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आजच जाऊन बसली आहे, आणि माझ्या पान्यांना जागा उरलेली नाही.